ड्यूक ऑफ वेलिंग्टन : असईचा सेनापती व कॅथोलिकांच्या मुक्ततेचा कायदा

ज्युबिलीचे वर्ष म्हणजे उपकारस्मरणाचे वर्ष होय. प्राचीन इस्राएल लोकांत पन्नासावे वर्ष उजाडले की रणशिंग फुंकीत, दास्यात पडलेल्यांस मोकळे करीत आणि गमावलेली वतने मूळ कुळांस परत देत. मुक्ततेचा हा उत्सव आपण आपल्या धर्मग्रामात साजरा करीत असता एका विलक्षण पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले. हा पुरुष आपल्या ख्रिस्तसभेचा नव्हता, आपल्या देशाचा नव्हता. किंबहुना तो आपल्या या मुलखात शत्रू म्हणून तलवार घेऊन आला होता. तथापि पुढे सव्वीस वर्षांनी त्याच्याच हातून ब्रिटन व आयर्लंड येथील कॅथोलिकांच्या पायांतील एक जुनी बेडी तुटली. आर्थर वेल्स्ली, ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हे त्याचे नाव. त्याच्याविषयी आपल्या मनात कोणता भाव असावा, हा प्रश्न सोपा नाही. म्हणूनच त्याचे चरित्र नीट पाहणे अगत्याचे आहे.

आर्थरचा जन्म १७६९ साली आयर्लंड देशात डब्लिन शहरी झाला. त्याचे घराणे प्रॉटेस्टंट जमीनदारांचे होते. वडील मॉर्निंग्टनचे अर्ल असून संगीतात निष्णात होते. मुलगाही सारंगी उत्तम वाजवी. परंतु अभ्यासात त्याची गती बेताची होती. तो बारा वर्षांचा असतानाच वडील वारले. ईटन येथील शाळेत त्याने फारसे नाव मिळविले नाही, व हा मुलगा कोणत्याच कामाचा नाही अशी खंत त्याच्या आईस वाटे. अखेर त्याला फ्रान्समध्ये आंझे येथील अश्वारोहणाच्या विद्यालयात धाडण्यात आले. तेथे तो घोडेस्वारी व फ्रेंच भाषा शिकला. १७८७ साली तो सैन्यात अगदी खालच्या दर्जाचा अंमलदार म्हणून दाखल झाला. कॅथरीन पॅकनहॅम नामक तरुणीस त्याने मागणी घातली, ती तिच्या घरच्यांनी नाकारली; तेव्हा त्याने आपल्या सारंग्या जाळून टाकल्या आणि शिपाईगिरीवाचून दुसऱ्या कशात मन घालावयाचे नाही असे ठरविले.

ज्या देशात तो जन्मला त्या देशाची स्थिती येथे सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व कथेचे मूळ तेथे आहे. आयर्लंडची बहुसंख्य प्रजा कॅथोलिक होती, पण सत्ता व जमीन प्रॉटेस्टंटांच्या हाती होती. दंडकायद्यांनी कॅथोलिकांस जमीन विकत घेण्याची, शाळा चालविण्याची, सरकारी अधिकार धारण करण्याची बंदी केली होती. यांपैकी पुष्कळ कायदे अठराव्या शतकाच्या अखेरीस सैल झाले. १७९३ साली आयर्लंडच्या पार्लमेंटाने कॅथोलिकांस मत देण्याचा हक्कही दिला. आर्थर त्या वेळी ट्रिम गावचा प्रतिनिधी म्हणून त्याच सभेत बसत होता. परंतु कॅथोलिक मनुष्य मत देऊ शकला तरी स्वतः पार्लमेंटात बसू शकत नसे. कारण सभासदास जी शपथ घ्यावी लागे तीत पवित्र मिस्साबलीतील भाकर व द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात रूपांतर होते हे नाकारावे लागे, आणि पवित्र मरियेची व संतांची विनवणी ही मूर्तिपूजा होय असे म्हणावे लागे. ज्याच्या अंतःकरणात श्रद्धेचा कणभरही अंश आहे असा कोणता कॅथोलिक ही शपथ घेईल? म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवून उंबरठ्यावर धर्मत्यागाची अट घातली होती.

१७९७ साली आर्थर आपल्या पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला. पुढच्याच वर्षी त्याचा वडील बंधू रिचर्ड हा गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि भावाच्या उत्कर्षास वाट मिळाली. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान धारातीर्थी पडला व त्या शहराचा कारभार आर्थरकडे आला. पुढे धोंडजी वाघ नावाच्या लढवय्याचा त्याने पाठलाग केला. १८०० च्या सप्टेंबरात धोंडजी मारला गेला, तेव्हा त्याच्या सामानसुमानात एक लहान मुलगा सापडला. तो धोंडजीचा पुत्र सलाबतखान. शत्रूच्या या पोरक्या मुलाच्या पालनपोषणाची तजवीज आर्थरने स्वतः केली. वज्रासारख्या मनुष्यातही कोठे तरी ओलावा असतो, याची ही एक खूण.

१८०२ च्या अखेरीस बाजीराव पेशव्याने वसई येथे इंग्रजांशी तह केला, आणि मराठी राज्याच्या गळ्याला फास बसला. दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांना तो तह मान्य होणे शक्यच नव्हते. १८०३ च्या ऑगस्टात वेल्स्लीने अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, किल्ला घेतला व गोदावरी ओलांडून तो आपल्या या भागात शिरला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई गावापाशी, त्याची व मराठी फौजांची गाठ पडली.

त्या दिवसाची हकीकत सर्वश्रुत असली तरी थोडक्यात सांगतो. केळणा व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांचे अफाट सैन्य पसरले होते. कवायती पायदळ, सुमारे शंभर तोफा व हजारो घोडेस्वार असा तो सरंजाम होता. वेल्स्लीची फौज त्यापुढे अगदीच थोडी होती, आणि तिचा दुसरा भाग कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखाली दूर होता. नदीस उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले. परंतु पिंपळगाव व त्यासमोरचे दुसरे गाव ही नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली पाहून त्याने ताडले की, जेथे दोन गावे अशी तोंडास तोंड देऊन बसली आहेत तेथे माणसांच्या जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे. उतार सापडला. त्या वाटेने पलीकडे जाऊन त्याने हल्ला चढविला. त्याच्या अंगाखालचा एक घोडा ठार झाला व दुसऱ्यास भाला लागला. मराठ्यांच्या गोलंदाजांनी तोफांजवळच उभे राहून प्राण दिले, पण तोफा सोडल्या नाहीत. त्यांच्या शौर्याची साक्ष शत्रूंनीही दिली आहे. संध्याकाळपर्यंत इंग्रजांकडील दीड हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली होती, म्हणजे लढणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक. मराठ्यांचे बाराशेच्या आसपास लोक रणावर पडले असावेत, असा खुद्द विजेत्याचा अंदाज होता.

जखमींस ठेवावे कोठे, हा प्रश्न आला. दौलताबादच्या निजामी किल्लेदाराने त्यांना आत घेण्याचे नाकारले. तेव्हा अजिंठा गावी इस्पितळ उभारून त्यांना तेथे आणण्यात आले. वाचकहो, घाटमाथ्यावरच्या त्या गावातून आपण लग्नाकार्यासाठी, बाजारहाटासाठी कितीदा तरी जातो. तेथे त्या वर्षी इंग्रज, आयरिश, मद्रासी शिपाई एकाच यातनेने कण्हत पडले होते. ऑक्टोबरात वेल्स्लीने घाट उतरून आपल्या या फर्दापुरास तळ दिला, आणि स्टीव्हन्सनची फौज बऱ्हाणपूर व अशीरगड घेत असता तिची पाठराखण केली. पुढे नोव्हेंबरात अडगावची लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला. १७ डिसेंबरास देवगावी भोसल्यांशी व ३० डिसेंबरास सुर्जी-अंजनगावी शिंद्यांशी तह होऊन हे युद्ध संपले. मराठी माणसाने हा इतिहास वाचताना त्याच्या मनास जी टोचणी लागते ती खरी आहे, आणि आपण ख्रिस्ती म्हणून ती लपविण्याचे काही कारण नाही. असईच्या मातीत पडले ते आपलेच पूर्वज होते. त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करणे हा आपला धर्म आहे.

१८०५ साली वेल्स्ली हिंदुस्थान सोडून गेला. परत गेल्यावर त्याने कॅथरीनशी विवाह केला, पार्लमेंटात प्रवेश केला आणि १८०७ साली आयर्लंडचा मुख्य सचिव म्हणून काम पाहिले. परंतु नेपोलियनच्या सैन्याने पोर्तुगाल व स्पेन व्यापल्यामुळे त्याला पुन्हा रणांगणावर जावे लागले. १८०८ पासून १८१४ पर्यंत त्याने त्या दोन कॅथोलिक देशांत युद्ध केले. त्याच्या सैन्यात आयर्लंडच्या कॅथोलिक शेतकऱ्यांची मुले फार मोठ्या संख्येने होती. सैन्य उतरताच त्याने हुकूम काढला की, रस्त्यातून पवित्र साक्रामेंताची मिरवणूक जात असेल तर शिपायांनी थांबून तिकडे तोंड करावे, अंमलदारांनी टोप्या काढाव्यात व पहाऱ्यावरील लोकांनी शस्त्रे उभारून मानवंदना द्यावी. स्वतः प्रॉटेस्टंट असूनही त्याने ही आज्ञा केली. त्यामागे भक्ती होती असे नव्हे. ज्या लोकांच्या देशात आपण जातो त्यांच्या देवघराचा मान राखल्याखेरीज त्यांचे सख्य मिळत नाही, हे तो जाणून होता.

स्पेनमधील सालामांका या विद्यानगरीत आयर्लंडच्या धर्मविद्यार्थ्यांसाठी एक सेमिनरी होती. तेथील रेक्टर फादर पॅट्रिक कर्टिस यांनी फ्रेंच सैन्याच्या हालचालींची माहिती वेलिंग्टनला पुरविली. या धर्मगुरूचा व त्या सेनापतीचा स्नेह पुढे टिकला. १८१९ साली फादर कर्टिस हे आर्माचे आर्चबिशप झाले, तेव्हाही दोघांचा पत्रव्यवहार चालूच होता. या स्नेहाची आठवण वाचकांनी ठेवावी. तिचा पुढे संबंध येणार आहे.

१८१४ साली त्यास ड्यूक ही पदवी मिळाली आणि १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे नेपोलियनचा अंतिम पराभव झाला. युरोपात त्याच्याएवढा मान कोणाचाच राहिला नाही. येथे त्याने तलवार म्यान करून विश्रांती घेतली असती तर त्याचे चरित्र एका यशस्वी योद्ध्याचे म्हणून संपले असते. परंतु तो १८१८ च्या अखेरीस मंत्रिमंडळात गेला, आणि जानेवारी १८२८ मध्ये ब्रिटनचा मुख्य प्रधान झाला. खरी कसोटी आता होती.

१८०१ साली आयर्लंडचे निराळे पार्लमेंट मोडून ते ब्रिटनच्या पार्लमेंटात मिळविण्यात आले, तेव्हा प्रधान पिट याच्या मनात कॅथोलिकांस पूर्ण हक्क देण्याचे होते. राजा तिसरा जॉर्ज याने आपल्या राज्यारोहणाच्या शपथेकडे बोट दाखवून ते होऊ दिले नाही, आणि पिटने राजीनामा दिला. त्यानंतर पाव शतक हा प्रश्न तसाच कुजत पडला. वेलिंग्टन व त्याचा गृहमंत्री रॉबर्ट पील हे दोघेही कॅथोलिकांच्या मागणीच्या विरुद्ध पक्षात होते.

इकडे आयर्लंडात डॅनिअल ओकॉनेल नावाचा कॅथोलिक वकील उदयास आला. १८२३ साली त्याने कॅथोलिक असोसिएशन स्थापन केले व गरिबातल्या गरिबास दरमहा एक पेनी वर्गणी देऊन त्यात भाग घेण्याची सोय केली. ही वर्गणी गावोगाव देवळाच्या दाराशी गोळा होई, आणि धर्मगुरू या कामी पुढे असत. जमीनदारापुढे मान वर करण्याचे ज्याला धैर्य नव्हते तो शेतकरी एका पेनीने सभासद झाला, आणि आपण कोणी तरी आहोत हे त्याला प्रथमच कळले. जुलै १८२८ मध्ये क्लेअर परगण्यात पोटनिवडणूक आली. ओकॉनेल स्वतः उभा राहिला. कॅथोलिकास सभेत बसता येत नसे, पण निवडणुकीस उभे राहू नये असे कायद्यात कोठेही नव्हते. शेतकरी आपल्या धर्मगुरूंच्या मागून शिस्तीने मतदानास आले. मारामारी नाही, दारूचा थेंब नाही. ओकॉनेलला २०५७ मते मिळाली, व सरकारच्या उमेदवारास ९८२.

आता काय करावे? ओकॉनेलला आत घ्यावे तर कायदा मोडतो. बाहेर ठेवावे तर आयर्लंड पेटते, आणि पुढच्या निवडणुकीत प्रत्येक परगण्यात क्लेअरचीच आवृत्ती निघणार. वेलिंग्टनने शांतपणे हिशेब केला. बळाने दडपणे त्याला अशक्य नव्हते. युद्ध कसे करतात हे त्याच्याइतके कोणास ठाऊक होते? परंतु असईची संध्याकाळ, बादाहोसचा तट, वॉटर्लूचे शेत हे सर्व ज्याने पाहिले त्यालाच घरच्या माणसांमधील युद्ध म्हणजे काय हे पुरते कळते. उमरावांच्या सभेत पुढे त्याने मोकळेपणी सांगितले की, आपले आयुष्य बहुतेक युद्धात गेले असून, एक महिन्याचे यादवी युद्ध टाळण्यासाठीही आपण आपला प्राण देऊ.

मत बदलले, पण ते बोलून दाखविता येत नव्हते, कारण राजा चौथा जॉर्ज विरोधात होता. डिसेंबर १८२८ मध्ये आर्चबिशप कर्टिस यांनी आपल्या जुन्या स्नेह्यास पत्र लिहिले. वेलिंग्टनने उत्तरी कळविले की, या प्रश्नाचा निकाल लागावा अशी आपली इच्छा आहे, परंतु लोकांची मने तापलेली असता तो लागेल अशी आशा वाटत नाही. पत्र बाहेर फुटले व एकच गदारोळ झाला. तरी ड्यूकने धीर सोडला नाही. पीलला त्याने आपल्या बाजूस ठेवले. पीलने ऑक्सफर्डच्या मतदारांपुढे पुन्हा कौल मागितला आणि तो हरला, तरी दुसऱ्या गावातून निवडून येऊन कामास लागला. ४ मार्च १८२९ रोजी विंडसर येथे राजाने संमती काढून घेतली. मंत्र्यांनी तेथल्या तेथे राजीनामे दिले. दुसरे मंत्रिमंडळ बनविण्यास कोणी मिळेना, म्हणून त्याच रात्री राजास नमते घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी पीलने कॉमन्स सभेत विधेयक मांडले.

स्वपक्षीयांनी ड्यूकवर धर्मद्रोहाचा आरोप केला. लॉर्ड विंचिल्सी याने तर वर्तमानपत्रातून असे सूचित केले की, हा मनुष्य वरून प्रॉटेस्टंट धर्माचा कैवार दाखवून आतून पोपची सत्ता देशात आणीत आहे. २१ मार्चच्या सकाळी बॅटर्सीच्या मैदानात या दोघांचे पिस्तुलांचे द्वंद्व झाले. ड्यूकची गोळी बाजूने गेली, विंचिल्सीने हवेत बार काढला व लेखी माफी दिली. देशाच्या मुख्य प्रधानाने असे द्वंद्व खेळावे हे ख्रिस्तसभेच्या शिकवणीस सर्वथा सोडून आहे, आणि येथे त्याचे समर्थन करावयाचे नाही. परंतु आपल्या कॅथोलिक प्रजेसाठी त्या मनुष्याने काय काय सोसले, हे यावरून दिसते. ३० मार्चास कॉमन्स सभेत व १० एप्रिलास उमराव सभेत विधेयक तिसऱ्या वाचनात संमत झाले. उमरावांत २१३ विरुद्ध १०९ मते पडली. १३ एप्रिल १८२९ रोजी राजाची सही होऊन तो कायदा झाला. धर्मत्यागाची ती शपथ नाहीशी झाली, आणि कॅथोलिक मनुष्य आपली श्रद्धा न सोडता पार्लमेंटात बसू लागला.

हा कायदा निर्दोष होता असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. ज्या गरीब शेतकऱ्यांच्या मतांनी क्लेअरची निवडणूक जिंकली, त्यांचाच मताधिकार त्याच वेळी काढून घेण्यात आला. पूर्वी वर्षाला दोन पौंड उत्पन्नाची जमीन असली की मत असे, ती मर्यादा दहा पौंड करण्यात आली. म्हणजे ज्यांनी दार ठोठावले ते बाहेरच राहिले. येशूसंघीय व इतर संघांच्या साधूंवर निर्बंध घातले गेले, ते मात्र बहुधा कागदावरच राहिले. ओकॉनेललाही लगेच बसू दिले नाही; त्याला पुन्हा निवडून यावे लागले, व फेब्रुवारी १८३० मध्ये तो सभेत बसला.

पुढची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १८३० च्या नोव्हेंबरात मतदानपद्धतीच्या सुधारणेस हटवादीपणाने विरोध केल्यामुळे वेलिंग्टनचे मंत्रिमंडळ कोसळले. जमावाने त्याच्या घराची तावदाने फोडली, तेव्हा त्याने खिडक्यांस लोखंडी झडपा बसविल्या. म्हणजे एका प्रश्नावर जो काळाची पावले ओळखू शकला, तोच दुसऱ्या प्रश्नावर चुकला. मनुष्य असाच असतो. १४ सप्टेंबर १८५२ रोजी वॉल्मरच्या किल्ल्यात त्याने देह ठेवला, व लंडनच्या सेंट पॉल मंदिरात त्याचे दफन झाले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. त्याने कॅथोलिकांवर प्रेम केले म्हणून हक्क दिले काय? नाही. भीतीने, राजकारणाने, देशहिताच्या हिशेबाने दिले. पण परमेश्वर आपले कार्य केवळ संतांकडूनच करून घेतो असे नाही. बाबेलच्या बंदिवासातून इस्राएलास सोडविणारा कोरेश राजाही खऱ्या देवास ओळखत नव्हता; तरी यशया संदेष्ट्याने त्याला परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले. आणि वेलिंग्टनच्या ठायी एक गुण असा होता की जो आपण सर्वांनी घ्यावा. आपण जन्मभर धरलेले मत चुकीचे ठरले आहे असे दिसताच त्याने ते सोडले. त्यासाठी मित्र गमावले, पक्ष गमावला, निंदा सोसली. रणांगणावर निधड्या छातीने उभा राहणारा शिपाई पुष्कळ ठिकाणी सापडतो. आपल्याच माणसांपुढे, माझे चुकले होते, असे म्हणणारा क्वचितच सापडतो. असईच्या विजयासाठी हजारो माणसे पडली. १८२९ च्या विजयासाठी एकही नाही. प्रभूच्या दृष्टीने यांतील मोठा विजय कोणता, हे सांगावयास नको.

क्लेअरच्या त्या पेनी देणाऱ्या शेतकऱ्यांसही विसरू नये. त्यांच्यावाचून ड्यूकचे मन पालटले नसते. आज आपल्या देशात २६ जानेवारी १९५० पासून अमलात असलेल्या संविधानाने प्रत्येकास आपला धर्म आचरण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि सरकारी अधिकारासाठी धर्माची आडकाठी ठेवलेली नाही. हे आपणांस विनासायास मिळाले, म्हणून त्याचे मोल कमी लेखू नये. मत देण्याच्या दिवशी घरी बसू नये. शेजारच्या हिंदू, मुसलमान, बौद्ध बांधवांच्या देवघराचा मान राखावा. ज्यांस अजून कोणत्या तरी दाराबाहेर ठेवले आहे त्यांच्यासाठी दार ठोठावावे. आणि अजिंठ्याच्या घाटातून जाताना, त्या मातीत पडलेल्या सर्वांसाठी, मित्रांसाठी व शत्रूंसाठी, एक आमच्या बापा म्हणावे. ज्युबिलीचे रणशिंग युद्धासाठी नसून मुक्ततेसाठी आहे. तो दयाघन परमेश्वर आपल्या धर्मग्रामास ही मुक्तता अखंड देवो. आमेन.